पाणी पश्चिमेचे, मुले पूर्वेची : सातारा शहर आणि भोवतालचे तालुके

सातारा पाहायला येणारा माणूस अजिंक्यताऱ्यावर चढतो, राजवाड्यापाशी थांबतो, पावसाळ्याच्या शेवटी आला असेल तर कासला जातो आणि परतताना कंदी पेढ्यांचा पुडा घेतो. त्याच्या मनात ठसते ती छत्रपती शाहूंची राजधानी. ही ओळख खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण ती अपुरी आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि १८४८ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. म्हणजे राजधानीचा काळ एकशे चाळीस वर्षांचा, आणि राजधानीपण गेल्यावरचा काळ पावणेदोनशे वर्षांचा. या दुसऱ्या, मोठ्या काळात साताऱ्याला कोणी वाढवले आणि कशाच्या जोरावर, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

उत्तर थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणे त्याच्याभोवती फिरतात. हे शहर त्याच्या तालुक्यांनी घडवले. पाणी पश्चिमेच्या डोंगरातून आले आणि मुले पूर्वेच्या कोरड्या रानातून आली. नकाशात शहर मधोमध दिसते म्हणून आपण समजतो की शहर देते आणि तालुके घेतात. साताऱ्याच्या बाबतीत देण्याघेण्याचा हिशेब बराचसा उलटा आहे. म्हणूनच या पुस्तकात शहराबरोबर जावळी, महाबळेश्वर, वाई, खंडाळा, फलटण, माण, खटाव, कोरेगाव, कऱ्हाड आणि पाटण हे तालुकेही तितक्याच आस्थेने आले आहेत. सातारा तालुका धरून हे अकरा तालुके, मिळून सुमारे साडेदहा हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीस लाख माणसे. त्यांपैकी शहराच्या त्या वेळच्या हद्दीत राहत होती जेमतेम एक लाख वीस हजार.

भूगोलापासून सुरुवात करावी लागते, कारण इथे भूगोल फार लवकर बदलतो. महाबळेश्वर ते म्हसवड हे अंतर सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो, आणि माणच्या बाजूला पाचशेच्या आसपास पडला तर ते साल बरे म्हणायचे. पश्चिमेला पावसाळ्यात घरांना गवताचे कूड बांधून पावसाची झड अडवतात, त्याच दिवसांत पूर्वेला लोक ढगांकडे पाहत पेरणी पुढे ढकलत असतात. कारण साधे आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीची भिंत चढताना रिकामे होतात आणि पलीकडच्या पर्जन्यछायेत कोरडे वारे तेवढे उतरतात. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत येते. पण या दोन ओळींनी जिल्ह्यातल्या माणसांची जमीन, पीक, लग्नसंबंध, स्थलांतर आणि शिक्षण ठरवले आहे.

नद्यांचे वर्तन पाहिले की हा मुलूख आणखी उलगडतो. क्षेत्र महाबळेश्वरी पाच नद्यांचा उगम मानतात : कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. त्यांतली सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा वाईवरून, माहुलीवरून, कऱ्हाडवरून जात थेट बंगालच्या उपसागराकडे निघते. वेण्णा मेढ्याच्या खोऱ्यातून येऊन साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत शिरते. कोयना मात्र डोंगरांच्या दोन रांगांमधून दक्षिणेकडे धावत राहते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेसमोर येऊन उभी राहते. एका डोंगरावर जन्मलेल्या दोन नद्या इतक्या लांब वेगवेगळ्या फिरून समोरासमोर भेटतात, असा संगम क्वचित पाहायला मिळतो. याच प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे.

पूर्वेच्या नद्यांची नावे मात्र बाहेरच्यांना ठाऊक नसतात. खटावातून निघणारी येरळा सांगलीकडे उतरून कृष्णेला मिळते. माणगंगा पूर्वेला जाऊन भीमेला मिळते, आणि उत्तरेच्या सीमेवरची नीराही भीमेचीच. म्हणजे महादेव डोंगराची रांग जिल्ह्याच्या मधून गेल्यामुळे माणमध्ये पडलेला थेंब आणि साताऱ्यात पडलेला थेंब एकाच जिल्ह्यात पडूनही कर्नाटकात खूप पुढे गेल्यावर एकत्र येतात. प्रशासनाने आखलेला जिल्हा आणि पाण्याने आखलेला जिल्हा हे दोन वेगळे नकाशे आहेत. शिक्षकांनी वर्गात दोन्ही शेजारी शेजारी लावावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

शहर स्वतः अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी, उतारावर वसले आहे. पश्चिमेला यवतेश्वर, त्याच्या पाठीमागे कासचे पठार. जांभ्या दगडाच्या या पठारावर मातीचा थर अगदी पातळ, झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणून पावसाळ्यात तिथे फुलांचे राज्य येते : तेरडा, सोनकी, गेंद, कीटक खाणारी सीतेची आसवे, आणि सात-आठ वर्षांनी एकदाच बहरणारी कारवी. वायतुरा नावाची पाणवनस्पती अशाच सड्यांवरच्या डबक्यांत उगवते आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे. पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. पण साताऱ्याच्या माणसाला कास त्याआधी कितीतरी वर्षे ठाऊक होते ते पाण्यासाठी. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या कास तलावाचे पाणी डोंगरउतारावरून, केवळ उंचीच्या जोरावर, शहरात येई. त्याला पंप लागत नव्हता. पेठांमधले हौद आणि मंगळवार तळे, मोती तळे ही सगळी उतारावरच्या गावाने पाणी कसे अडवावे याची उदाहरणे आहेत. ज्या शहराला अशी देणगी मिळाली त्याने कासच्या रस्त्याकडेला वाढत चाललेल्या बांधकामांकडे डोळेझाक करू नये. पठार उघडेबोडके दिसते म्हणून ते रिकामे आहे असे समजणे घातक आहे. तो आपला माथ्यावरचा हंडा आहे.

पाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात दुःख आहे. पाटण तालुक्यातले कोयना धरण राज्याला वीज देते. शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावते आणि वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने गावे जमीनदोस्त केली, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. त्याआधीच खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली होती आणि तिथली कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली होती. पुढे वाईजवळ धोम, वेण्णेवर कण्हेर, परळी खोऱ्यात उरमोडी अशी धरणे झाली आणि विस्थापितांपैकी काहींना पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत जमिनी मिळाल्या. मुसळधार पावसात वाढलेल्या माणसाने बाभळीच्या माळावर नवे घर बांधायचे, मुलांना नव्या शाळेत घालायचे, हे स्थलांतर अजून कोणी नीट लिहिलेले नाही. कृष्णेचे पाणी उपसून नेर आणि आंधळीपर्यंत नेणाऱ्या जिहे-कठापूर योजनेची वाट खटाव-माणने कित्येक दशके पाहिली. ज्यांच्या बांधावर ते पाणी पोचले त्यांना त्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

आता शाळांकडे येतो, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे.

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत, पुढे जी प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्र शासन हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. पण या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे त्यानंतरच्या सुटीत त्या मुलाने धरलेली एक वाट. त्याचे वडील तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळाने माणसे मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर सरकला. कोणी गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. डबा बरोबर होता, पण त्या रात्री मुलांना प्यायला पाणी कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी हे सगळे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

या एका प्रवासात आपल्या जिल्ह्याचा भूगोल, शाळा आणि इतिहास तिन्ही एकत्र आले आहेत. पूर्वेचा दुष्काळ आहे, शहरातली शाळा आहे, नव्या रेल्वेने जोडलेली स्टेशने आहेत, आणि पाणी आहे. निसर्गाने जितके नाकारले त्याहून अधिक माणसांनी नाकारलेले. साताऱ्याच्या प्रत्येक शाळेत ही वाट नकाशावर आखून शिकवली गेली पाहिजे. मसूर कुठे, गोरेगाव कुठे, मधले अंतर बैलगाडीला किती, हे मुलांनी स्वतः मोजावे.

याच मातीतून आधीच दुसरा विचार उगवला होता. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, आणि सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. दोघांचे काम पुण्यात झाले हे खरे, पण त्या कामाची गरज कुठून कळली असेल हे या गावांत गेल्याशिवाय नीट कळत नाही. त्यांच्या सत्यशोधक विचाराची परिषद १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भरली आणि तिथेच ४ ऑक्टोबरला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प केला. भाऊराव त्याआधी ओगल्यांच्या काचेचा आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा माल घेऊन गावोगाव फिरले होते. माझ्या मते रयतचा पाया त्या फिरस्तीत आहे. नांगर विकताना त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले आणि त्या घरात शाळेला जाण्याजोगे मूल असूनही ते गुरांमागे का जाते, हे त्यांना कळले.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली. धनिणीच्या बागेतले वसतिगृह म्हणजे छत्रपती शाहू बोर्डिंग. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत, शेतात आणि बांधकामावर राबत आणि शिकत. लक्ष्मीबाई पाटलांनी बोर्डिंगच्या मुलांसाठी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही राहिले नाही, ही गोष्ट साताऱ्यात घराघरांत सांगितली जाते. गावातल्या बायकांकडून मूठमूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंड हा संस्थेचा खरा खजिना होता. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्याकडे जात्यावर बसण्याआधी बाजूला काढलेली ज्वारीची मूठ होती. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. 'कमवा आणि शिका' ही योजना पुढे विद्यापीठांनी उचलली, पण ती मुळात गरिबीची शरम न वाटता शिकता यावे म्हणून काढलेली वाट होती. आता तर भाऊरावांच्या नावाचे विद्यापीठच साताऱ्यात उभे आहे.

या बोर्डिंगांनी शहराचा स्वभाव बदलला. माण-खटावची मुले ज्वारीच्या भाकरीचे गाठोडे घेऊन येत, दहा-बारा वर्षे राहत आणि शिक्षक, तलाठी, फौजदार, मामलेदार होऊन बाहेर पडत. आज राज्याच्या प्रशासनात माणदेशी नावे ठिकठिकाणी भेटतात. कोरडवाहू शेतीत तिसऱ्या भावाला पुरेल एवढे पिकत नसे, म्हणून तो शाळेत गेला. हे दुष्काळाचे कौतुक नव्हे. दुष्काळाने किती मुलांची शाळा सुटली, किती जण ऊसतोडीला किंवा मुंबईच्या गोदीत गेले, याचीही आठवण ठेवली पाहिजे.

सगळ्या शाळा मात्र रयतच्या वाटेने गेल्या नाहीत, आणि हीच या मुलखाची श्रीमंती आहे. पाचगणीला ब्रिटिशांनी थंड हवेचे ठाणे वसवले, जॉन चेसन यांनी तिथे बाहेरची झाडे आणि पिके आणली, आणि त्यामागोमाग निवासी इंग्रजी शाळा आल्या. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला; जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते. पाचगणीच्या घाटाखाली वाई आहे. तिथे नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा, आणि तिच्यातूनच वाढलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, ज्यांनी मराठी विश्वकोशाचे काम वाईतून चालवले. सगळ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचा उद्योग कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी चालला, ही गोष्ट वाईकरांनी फार गाजवलेली नाही. गाजवायला हवी.

औंधबद्दल जरा अधिक लिहिले आहे, आणि त्याचे कारण आहे. बहात्तर गावांचे हे छोटे संस्थान. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेला राज्यकारभार सोपवणारी घटना दिली. ती तयार करताना गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याचे कष्ट होते. गावपंचायतींनी आपला कारभार करायचा, शिक्षणावर खर्च करायचा, हे प्रयोग खटावच्या उजाड टेकड्यांत झाले. औंधच्या शाळेत साने गुरुजी काही काळ शिकले, ग. दि. माडगूळकर शिकले. पंडित सातवळेकरांनी वेदांच्या अभ्यासाचे काम औंधला बसून केले. डोंगरावरचे भवानी संग्रहालय अजून पाहता येते. एखाद्या लहान राज्यकर्त्याने मनात आणले तर किती करता येते, याचा इतका स्वच्छ पुरावा महाराष्ट्रात दुसरा कोणता आहे, मला सांगता येणार नाही.

फलटणला आणखी वेगळे घडले. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेहून आल्या, मराठी शिकल्या, इथल्याच झाल्या, आणि गरीब वस्तीतल्या मुलांना वाचायला लिहायला नेमके कसे शिकवावे यावर त्यांनी प्रगत शिक्षण संस्थेतून आयुष्यभर काम केले. संस्थेच्या बालभवनातली मुले जे वाचतात ते समजून वाचतात. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलने यशवंतराव चव्हाण दिले आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधवही दिले, ज्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. सैन्यात माणसे पाठवणारी अपशिंगे मिलिटरीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे ती येणे स्वाभाविकच होते.

इतिहासाची प्रकरणे वाचताना वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी : जुन्या कागदांतला सातारा जिल्हा आजचा नाही. १८८५ च्या गॅझेटिअरमधल्या जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग होते. १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार साताऱ्याचे म्हणून ओळखले जाते, पण त्याची पुष्कळशी गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. आपल्या बाजूची मोठी आठवण वडूजची. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथल्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. तेही कोरड्या तालुक्यातले साधे शेतकरी.

शहराचा जुना इतिहास पुष्कळांनी लिहिला असल्याने तो मी आटोपशीर ठेवला आहे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी अजिंक्यताऱ्याचा किल्ला घेतला. १७०० मध्ये औरंगजेबाने स्वतः, आता शहरातच मोडणाऱ्या करंज्याला, तळ देऊन तो जिंकला. त्या वेढ्यात प्रयागजी प्रभूंनी महिनोन्महिने किल्ला लढवला. शाहू महाराजांनी पायथ्याशी शहर वसवले आणि वारांच्या, माणसांच्या नावांनी पेठा वाढल्या. परंतु माझ्या दृष्टीने सगळ्यांत उपेक्षित राहिले ते प्रतापसिंह महाराज. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवले. त्यांनी रस्ते, पाणी, शाळा, छापखाना यांकडे लक्ष दिले, आणि १८३९ मध्ये कटाचा आळ घेऊन त्यांना काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे झगडले. डलहौसीने वारस नामंजूर करून पहिल्यांदा गिळलेले राज्य साताऱ्याचेच. १८५७ च्या सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. साताऱ्यातल्या किती जणांना चार भिंतीच्या टेकडीवरून दिसणाऱ्या त्या माळाचे नाव ठाऊक आहे?

आजचे शहर वेगाने पसरत आहे. नगरपालिका १८५३ ची. महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्याने सत्तरच्या दशकात 'प्रिया' स्कूटर देशभर पोचवली आणि शहराला कारखान्याचा भोंगा ऐकू आला. तो कारखाना पुढे थांबला. पुणे-बंगळूर महामार्ग रुंदावल्यावर पुणे दोन-अडीच तासांवर आले. पोवई नाक्याखालून आता भुयारी रस्ते जातात. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर असे भोवतीचे भाग शहरात आले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे पाहायला संग्रहालयापुढे रांगा लागल्या. ही वाढ मला हवी आहे. तिची भीती वाटत नाही. वाटते ती एकच काळजी : पूर्वी माण-खटावचा गरीब मुलगा या शहरात शिकायला आला तर त्याला पंगतीत जागा होती. आज तोच मुलगा भाड्याची खोली, खानावळ आणि खाजगी क्लासची फी यांचा हिशेब करून परत फिरतो. नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट आटत आहेत. डोंगराकडच्या वाड्यांवर दोन-चार मुलांची शाळा चालू ठेवायची की नाही, यावर कागद फिरत राहतात. जावळी किंवा पाटणच्या पावसात पाच किलोमीटर चालणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी तो कागदाचा प्रश्न नाही. शहराने तालुक्यांचे जे घेतले आहे त्याची परतफेड करायची असेल तर वसतिगृहांपासून सुरुवात करावी, स्वस्त, स्वच्छ, सगळ्या जातींच्या मुलामुलींसाठी, आणि मुलींसाठी आधी.

हे पुस्तक शिक्षकांच्या हाती पडावे, अशी इच्छा आहे. तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा परिसर शिकवला जातो, पण त्यात गावाजवळच्या ओढ्याचे नाव नसते. ते शिक्षकांनीच घालायचे आहे. आणि एक विनंती मुख्याध्यापकांना. तुमच्या शाळेच्या कपाटात दाखल-खारीजची जुनी रजिस्टरे असतील, काही शंभर वर्षांपूर्वीची. त्यांत मुलाचे नाव, गाव, जात, वडिलांचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण लिहिलेले असते. आपल्या तालुक्याचा इतका प्रामाणिक इतिहास दुसरीकडे कुठेही नाही. कसर लागण्याआधी, दुरुस्तीच्या वेळी रद्दीत जाण्याआधी ती रजिस्टरे उन्हात काढा, पानापानाचे फोटो घेऊन ठेवा, आणि एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्या.